ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

२०२० च्या पावसाळ्यात सोलापुरातल्या नीलमनगरच्या भिंती देशभर गाजल्या. शाळा बंद होत्या, अभ्यास मोबाईलवर सुरू झाला होता आणि या वस्तीतल्या बहुतेक घरांत स्मार्टफोनच नव्हता. आईबाप यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात, नाहीतर घरी बसून विड्या वळणारे. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या सुमारे ३०० घरांच्या बाहेरच्या भिंती रंगवून घेतल्या आणि त्यांवर पहिलीपासून दहावीपर्यंतचा अभ्यास उतरवला. मुळाक्षरं, अंक, व्याकरण, गणिताची सूत्रं. पोरं अंतर राखून भिंतीपुढे उभी राहायची आणि वाचायची.

बातम्यांचा सूर कौतुकाचा होता, आणि कौतुक व्हायलाच हवं होतं. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटली ती पहिली पायरी. त्या शिक्षकांनी आधी मुलांच्या घरी काय आहे ते पाहिलं. फोन नाहीत, भिंती आहेत, आणि येता-जाता मुलाची नजर भिंतीवर पडणारच आहे. मग अभ्यास कसा पोचवायचा ते ठरवलं. डिजिटल शिक्षणाच्या सरकारी धोरणात हीच पायरी गाळली जाते. उपकरण आधी ठरतं. ज्याच्या हातात ते द्यायचं त्या माणसाचा विचार शेवटी, तोही पैसे उरले तर.

आता फोन आले. ‘असर’ या शिक्षणाच्या वार्षिक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन सापडला. ८० टक्क्यांहून जास्त मुलांना तो चालवता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. पाहणी खेड्यांची आहे, पण सोलापुरात आमच्या गल्लीत डोकावलं तरी चित्र फार वेगळं दिसणार नाही. दारात चार बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असतात आणि मधे एक फोन गाणी म्हणत असतो. एवढ्यावरून डिजिटल दरी बुजली असं कुणी म्हणत असेल, तर त्याने शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या आणि विडी कामगारांच्या वस्त्यांत, आमच्याबरोबर एक संध्याकाळ बसावं.

मी एकेकाळी एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या केंद्रात शिकवायचे. आता वस्तीतल्या बायकांना मोबाईल शिकवते. ओळखीच्या एका दुकानामागे खोली आहे, तिथे संध्याकाळी विडीचा माल देऊन आल्यावर बायका जमतात. संस्था नाही, पाटी नाही, नोंदवही नाही. ज्याला जे अडलं असेल ते घेऊन यायचं. शिकवण्याची सुरुवात त्या अडण्यापासूनच होते.

२०२५ च्या सप्टेंबरात सगळ्यांना एकदम एकच गोष्ट अडली. लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, सक्तीची झाली. दोन महिन्यांत करा, नाहीतर महिन्याचे १५०० रुपये थांबतील. सरकारी संकेतस्थळावर जायचं, आपला आधार क्रमांक टाकायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी भरायचा. कागदावर हे चार ओळींत मावतं.

त्या दिवसांत एक अक्का आमच्याकडे आल्या. वय साठीच्या अलीकडचं. फोन त्यांचा स्वतःचा, कव्हरच्या मागे आधार कार्डाची घडी. पहिला अडथळा आधार क्रमांक टाकतानाच आला. आधारला जोडलेला नंबर थोरल्या मुलाचा होता. कार्ड काढताना घरात तेवढाच एक नंबर होता, तोच दिला. मुलगा आता भिवंडीला मागावर. अक्कांनी फोन लावला. पलीकडे मागांचा खडखडाट, त्याला काही ऐकू येईना. तो बाहेर आला, मेसेज शोधला आणि आकडे वाचायला लागला. तेलुगूत. ‘एनिमिदि, सुन्ना, मूडु...’ अक्का तेच मोठ्याने परत म्हणायच्या आणि शेजारी बसलेली आठवीतली मुलगी ते आकडे फोनवर दाबायची. अर्ध्यात वेळ संपली. पुन्हा ओटीपी, पुन्हा भिवंडी, पुन्हा तेलुगू आकडे. दुसऱ्या खेपेला पान पुढे सरकलं आणि नवऱ्याचा आधार क्रमांक मागायला लागलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. ‘आता काय करायचं ओ ताई? वरनं ओटीपी मागू का?’ हे म्हणताना अक्कांचा आवाज भरून आला होता, आणि खोलीत कुणी काही बोललं नाही.

पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पती किंवा वडील हयात नसलेल्या बायकांनी स्वतःपुरती केवायसी करून मृत्यूच्या दाखल्याची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यावी, अशी सोयही झाली. म्हणजे शेवटी प्रश्न सोडवायला अंगणवाडी ताईच लागली. वस्तीत राहणारी, कोणाच्या घरात कोण आहे आणि कोण गेलं हे माहीत असलेली. मग ती पहिल्याच दिवसापासून योजनेत का नव्हती?

त्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट मला सोडत नाही. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी सूचना ऐकू यायची, ओटीपी कोणालाही सांगू नका. बँकेत तेच लिहिलेलं, आम्हीही बायकांना तेच सांगतो. आणि खोलीतल्या सगळ्यांनी अक्कांचा ओटीपी ऐकला, दोनदा. दुसरा मार्गच नव्हता. ज्या घरात नंबर एकाचा, फोन दुसऱ्याचा आणि वाचता येणारं तिसरंच, त्या घरात ओटीपी गुप्त राहू शकत नाही. सुरक्षिततेचे धडे हवेत, पण ते धडे ज्या घरांत द्यायचे तिथे काय परिस्थिती आहे हे योजना आखणाऱ्याने आधी पाहिलं पाहिजे. नाहीतर उद्या कोणी ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणत ओटीपी मागितला, तर सांगू नये हे बाईला कसं उमजावं? सरकारी कामासाठी तो सगळ्यांदेखत सांगायची सवय आपणच तिला लावली आहे.

बोटांचंही असंच. विडीचं पान कातरीने साच्याबरहुकूम कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. रोज शेकड्यांनी, वर्षानुवर्षं. या बायकांच्या बोटांच्या टोकांवर हात फिरवला तर रेषा लागतच नाहीत. त्यामुळे रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही, बँकेत लागत नाही, आणि मागे रांग वाढत जाते. पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’च्या रूपाने डिजिटल झाला, आणि २०२१ पासून तो चेहऱ्यावरूनही काढता येतो. ही खरोखर चांगली सुधारणा आहे. बोटं झिजलेल्या बाईला आता घरबसल्या फोनच्या कॅमेऱ्यापुढे बसून दाखला काढता येतो. पण हे तिला कुणीतरी सांगायला हवं, एकदा तिच्या शेजारी बसून करून दाखवायला हवं, आणि दुसऱ्या वर्षी तिने स्वतः करताना गप्प बसून बघायला हवं. सुधारणा झाली २०२१ ला. आमच्या खोलीत येणाऱ्या कितीतरी जणींना ती पहिल्यांदा कळली ती आमच्याकडून.

३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या व्यक्तींना आणि दृष्टिहीनांना ई-केवायसी करता येत नव्हती, कारण यंत्र डोळ्यांची उघडझाप मागत होतं. त्यावरून ते प्रकरण उभं राहिलं. हे वाचताना मला आमच्या बायकांची बोटं आठवली. काम करता करता अंगठ्याच्या रेषा गेलेल्या माणसाला त्याच कामाच्या पेन्शनसाठी अंगठा मागणं, हा अन्याय त्याच जातीचा आहे.

डिजिटल कौशल्यासाठी आपल्याकडे धोरणच नव्हतं, असं मात्र मी म्हणणार नाही. देशातल्या शाळांत संगणक आणणारा ‘क्लास’ हा सरकारी प्रकल्प १९८४ च्या सुमारास आला. २००१ साली महाराष्ट्राने एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) काढलं आणि त्यातून एमएस-सीआयटी उभी राहिली. तिच्याबद्दल मला आजही आदर आहे. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायचं म्हणून लोक यायचे हे खरं. पण त्या निमित्ताने घरातून एरवी एकटी बाहेर न पडणारी मुलगी रोज दोन तास आमच्या केंद्रात येऊन बसायची. पडद्यावरचे धडे मराठीतून होते. माऊस धरताना थरथरणारे हात महिन्याभरात स्थिर व्हायचे. लाखो मराठी माणसांनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो या अभ्यासक्रमामुळे. कमी पडलं ते पुढचं. परीक्षा झाली की माणूस घरी जायचा, घरी संगणक नसायचा, आणि सहा महिन्यांनी भेटला की म्हणायचा, ‘सगळं विसरलं ओ मॅडम.’ ज्यांच्या कामात संगणक आला त्यांना तो आला. शिकलेलं रोज वापरायची जागा मिळाली नाही तर कौशल्य टिकत नाही, हे तेव्हापासून डोळ्यांपुढे आहे.

मग फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केलं. ग्रामीण भागातल्या ६ कोटी घरांतल्या प्रत्येकी एका माणसाला २० तासांचं प्रशिक्षण द्यायचं. ३१ मार्च २०२४ ला योजना संपली तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोक प्रशिक्षित झाल्याची नोंद होती. जगात एवढ्या मोठ्या आकाराचे असे कार्यक्रम फारसे नसतील, आणि त्यातून खेड्यापाड्यांत माणसं शिकली हेही खरं. पण सोलापुरात बसून तिच्या अटी वाचल्या की कोण कोण बाहेर राहिलं ते स्पष्ट दिसतं.

योजना फक्त ग्रामीण भागासाठी होती. अक्कलकोट रस्त्याने गेलं की नीलमनगर महापालिकेच्या हद्दीत येतं. त्याच रस्त्याने पुढे कुंभारी, तिथे विडी कामगार बायकांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत, तिथे ग्रामपंचायत. दोन्हीकडच्या बायका त्याच विड्या वळतात, त्याच मजुरीवर. एक बहीण नीलमनगरात आणि दुसरी कुंभारीच्या या घरकुलात, अशीही घरं आहेत. पैकी एकच योजनेत बसत होती. शहरात राहणारा म्हणजे आपोआप शिकलेला, हे गृहीतक सोलापूरसारख्या गिरणी-मागांच्या शहरात टिकत नाही.

दुसरी अट वयाची, १४ ते ६०. विडी कामगारांना भविष्यनिर्वाह निधी लागू आहे आणि त्यातली पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. कमीत कमी पेन्शन महिना १००० रुपये, २०१४ पासून तेवढीच. हा हजार चालू ठेवायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे डिजिटल व्यवहाराची सगळ्यात निकड सुरू होते ५८ ला, आणि ती व्यक्ती शिकायला पात्र राहते फक्त ६० पर्यंत. हा नियम ज्याने लिहिला त्याने दुष्टपणाने लिहिलेला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे नोकरी शोधणारा तरुण होता, पेन्शनीसाठी रांगेत उभी असलेली बाई नव्हती.

आणि तिसरी गोष्ट पैशांची, तिच्यावर मी जास्त अडून बसते. शिकवणाऱ्या केंद्राला एका माणसामागे ३०० रुपये मिळत, तेही तो माणूस परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर. २० तासांनी भागलं तर तासाला १५ रुपये होतात. या हिशेबात केंद्रचालकाने कोणाला घ्यावं? लवकर शिकेल, पहिल्या खेपेला पास होईल, त्यालाच घेणार. बारावी झालेला मुलगा घरातला ‘एक माणूस’ म्हणून नोंदला जातो आणि घर साक्षर ठरतं. त्याच्या आईला शिकवायला त्याच्या चौपट वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे योजनेत कुठेच नाहीत. म्हणून ती शिकत नाही. यात केंद्रचालकाचा दोष मी धरत नाही. पैसा ज्या वाटेने सोडाल, काम त्याच वाटेने जातं.

मग आईला शिकवतं कोण? घरातली मुलगी. आमच्या गल्लीत आठवी-नववीतल्या दोन-तीन मुली अशा आहेत, की सगळ्या गल्लीची केवायसी, विडी कामगारांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज, गॅसचं बुकिंग, कॉलेजचा फॉर्म, सगळं त्यांच्या अंगावर. अभ्यास टाकून त्या हे करतात, आणि त्यांना त्याचा अभिमानही आहे. पण ‘असर’च्याच २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. गल्लीभरची कामं करणाऱ्या मुलीला स्वतःचा फोन मिळत नाही. काम झालं की फोन भावाकडे जातो. यावर कुठल्याही धोरणात एक ओळसुद्धा मला दिसलेली नाही, आणि मला याचा राग येतो.

आमच्या खोलीत काय चालतं ते थोडं सांगते. बायकांना आधी काय हवं असतं? बँकेचा मेसेज वाचायचा असतो. पैसे आले की गेले, एवढंच. मेसेज इंग्रजीत असतो. मग ‘क्रेडिटेड’ आणि ‘डेबिटेड’ हे दोन शब्द चित्रासारखे ओळखायला शिकवतो, सुरुवातीची अक्षरं दाखवून. दोन-तीन संध्याकाळींत ते जमतं, आणि त्यानंतर बाई खात्यात पैसे आले का हे पाहायला रिक्षाचे पैसे खर्चून बँकेत जात नाही. मग पैसे देणं-घेणं. त्यात एकच वाक्य आम्ही पाठ करून घेतो, मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा, तो क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. एकजण दोन संध्याकाळी फक्त दहा रुपये मुलीला पाठवायची आणि परत मागवायची, पुन्हा पाठवायची. भीती मोडायला तेवढंच लागलं. घड्याळ लावून २० तास मोजणाऱ्या अभ्यासक्रमात या दोन संध्याकाळी बसत नाहीत.

नावांचा घोळ हा तर आमच्या पूर्व भागाचा खास विषय. येमुल आडनाव आधारवर वाय अक्षरापासून लिहिलेलं, विडी कारखान्याच्या नोंदीत ई पासून. बाईच्या नावापुढे एका ठिकाणी ‘बाई’ लावलेलं, दुसऱ्या ठिकाणी नाही, तिसऱ्या ठिकाणी माहेरचं नाव. मूळ नाव तेलुगू, ऐकणारा कारकून मराठी, लिहायचं इंग्रजीत. यंत्राला ती तीन वेगळी माणसं वाटतात आणि दावा परत येतो. दुरुस्तीचा अर्जही ऑनलाइनच. अशा वेळी बाईला ॲप चालवता येतं की नाही हा प्रश्न दुय्यम होतो. तिची बाजू समजून घेऊन दुरुस्ती करू शकणारा माणूस तिच्या आवाक्यात आहे का, हा खरा प्रश्न. डिजिटल साक्षरतेचा भार सगळा शिकणाऱ्यावर टाकून चालणार नाही. नोंदी बिनचूक करणं हा सरकारचा वाटा आहे आणि तो सरकारनेच उचलला पाहिजे.

शाळांबद्दल बोलायचं तर सोलापूर जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट माढा तालुक्यातल्या परितेवाडीची. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातले, २०१७ मध्ये राज्याने ती कल्पना सगळ्या इयत्तांसाठी उचलली, आणि पुढे देशपातळीवरच्या पुस्तकांतही ते आले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकली. सगळ्यांच्या लक्षात क्यूआर कोड राहिला. मी लक्षात ठेवते ते त्याच्या आधीचं. मुली घरी कन्नड बोलणाऱ्या, पुस्तक दुसऱ्या भाषेत. म्हणून डिसले गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले, मग त्यांनी पुस्तकाचा मजकूर मुलींच्या भाषेत आणला आणि कोड त्याच्यावर आला. धोरणाने कोड उचलला. कन्नड शिकणारा शिक्षक छापता येत नाही, त्यासाठी शिक्षकाला वेळ द्यावा लागतो.

वेळच नाही. हजेरी एका ॲपवर, पोषण आहार दुसऱ्यावर, विद्यार्थ्यांची माहिती तिसऱ्या पोर्टलवर, आणि सगळ्यांचे पासवर्ड वेगळे. शिक्षकाच्या हातातला फोन दिवसभर वर माहिती पाठवण्यात गुंततो. ओळखीच्या एका गुरुजींनी सांगितलं, वर्गातल्या पडद्यावर विज्ञानाचा धडा दाखवायला बसलो की आहाराचा फोटो पाठवायची वेळ होते. यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदीतल्या २०२४-२५ च्या आकड्यांनुसार देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट पोचलं. वर्षागणिक आकडा चढतो आहे, चांगलं आहे. पण समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला एकत्रित अनुदान मिळतं १०,००० रुपये. खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, इंटरनेट, सगळं त्यात. लोकवर्गणीतून आलेला मोठा टीव्ही नादुरुस्त झाला तर त्याच्या एका दुरुस्तीत वर्षाचं अनुदान संपेल. म्हणून तो झाकून ठेवला जातो. उपकरणाबरोबर पाच वर्षांची वीज, दुरुस्ती आणि नेटचा खर्च मंजूर झाल्याशिवाय ते शाळेत उतरवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

केरळचं उदाहरण लोक देतात आणि ‘त्यांचं वेगळं आहे’ म्हणून सोडतात. वेगळं काय आहे ते तरी पाहावं. २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यात त्यांनी ‘अक्षय’ केंद्रं सुरू केली, घरटी एकाला शिकवण्यासाठी. शिकवून झाल्यावर ती केंद्रं बंद झाली नाहीत, पुढे तीच सरकारी सेवा देणारी केंद्रं झाली. शिकलेलं वापरायची जागा आणि शिकवणारं माणूस, दोन्ही गावात टिकलं. २०२५ मध्ये राज्याने संपूर्ण डिजिटल साक्षरता जाहीर केली, ती मोहीम राबवताना वरच्या वयाची मर्यादाच ठेवली नाही. शंभरी ओलांडलेल्या माणसालाही शिकवलं. स्वयंसेवक घरी गेले, रोजगार हमीच्या कामावर गेले, बचत गटांच्या बैठकांत गेले. बाईचा रोज बुडवून तिला केंद्रावर बोलावलं नाही.

हे सोलापुरात व्हायला काय हवं? विडी कारखान्यांच्या शाखा वस्तीवस्तीत आहेत. बायका तिथे माल द्यायला आणि पान-तंबाखू घ्यायला जातात, तिथे थांबतात, रांगेत बसतात. तिथे एक टेबल आणि एक माणूस बसवता येईल. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात, त्यांतली एक खोली दोन तास उघडी ठेवता येईल. बचत गटांच्या सीआरपी ताई, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या वस्तीतल्याच कार्यकर्त्या, आहेत. विद्यापीठात राष्ट्रीय सेवा योजनेची हजारो मुलं आहेत, त्यांच्यात तेलुगू, कन्नड, उर्दू घरी बोलणारी भरपूर. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेलं आहे, एवढं आपलं विद्यापीठ कितीजणांना मिळतं? सोलापूर २०१६ च्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत निवडलं गेलं होतं. या सगळ्यात एकच खर्च नव्याने करावा लागेल, शिकवणाऱ्या माणसाच्या मानधनाचा. तो प्रमाणपत्रावर मोजू नये, बसलेल्या तासांवर मोजावा. आणि अंगणवाडी ताईंवर आणखी एक काम फुकट लादू नये, हेही इथेच लिहून ठेवते.

मागावर कुणी पुस्तक वाचून शिकलं नाही. जाणत्याच्या शेजारी उभं राहून, तुटलेला धागा जोडता जोडता पूर्व भागाने विणकाम शिकलं आणि सोलापुरी चादर घरोघरी पोचवली. मोबाईल त्याहून अवघड नाही.

जोवर असं शेजारी बसून शिकवणारं माणूस प्रत्येक वस्तीत नाही, तोवर कुठल्याही योजनेची मुदत केवळ ऑनलाइन पायरीवर संपू नये. कागदावर अर्ज देण्याची वाट उघडी राहिली पाहिजे, आणि तिथे अर्ज घेणाऱ्याने पावती दिली पाहिजे. हे मागे जाणं नाही. शिकायला वेळ मिळावा म्हणून एवढं आवश्यक आहे.

आमच्या खोलीतला पुढचा विषय बायकांनीच ठरवला आहे. त्यांना भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक बघायचं आहे. मजुरीतून कापलेली रक्कम आणि मालकाचा हिस्सा खरंच जमा होतो का, कोणत्या महिन्यात झाला, कोणत्या नाही, हे आजवर त्यांनी फक्त ऐकलं होतं. साध्या फोनवरूनही एक मेसेज पाठवला की शिल्लक कळते, आणि उत्तराची भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड निवडता येते. त्यासाठी खात्याचा यूएएन क्रमांक चालू असावा लागतो आणि आधार त्याला जोडलेलं असावं लागतं. ते कोणाचं आहे, कोणाचं नाही, आणि कोणाचा नंबर अजून मुलाच्या फोनवर आहे, याची यादी आता करतोय. ज्यांचा मुलगा भिवंडीला आहे त्या अक्कांनी आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलून स्वतःचा घातला आहे. ‘ह्या खेपेला मीच वाचणार,’ म्हणाल्या. कारखान्यातल्या हिशेबाच्या वह्या घरात पत्र्याच्या डब्यात आहेत, त्या घेऊन यायला सगळ्यांना सांगितलं आहे. मेसेजमधला आकडा आणि वहीतला आकडा शेजारी ठेवून पाहायचा आहे.